ओडिसियसची आई आणि आमचा रेडिओ

जून २०२५ मधल्या एका रविवारी आपल्या मंडळातल्या काही कुटुंबांबरोबर आम्ही पुलाउ उबीनला निघालो होतो. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा उतारू जमले की बमबोट सुटते. आमची सुटली, डब्यांच्या पिशव्या पायाशी घेऊन सगळे बसले, आणि माझ्या लक्षात आले की समोर बसलेली आमची सोळा वर्षांची लेक रडते आहे. कानात इअरफोन, नजर पाण्याकडे आणि गालांवरून धारा. सौ.ने मला डोळ्यांनीच 'गप्प राहा' असे बजावले. पण गप्प राहील तो बाप कसला! मी विचारले, "काय झालं गं?" तिने एक कान मोकळा केला आणि म्हणाली, "काही नाही बाबा. ओडिसियसची आई."

ओडिसियसची आई वारून तीन हजार वर्षे तरी झाली असतील. मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चालले असते, पण शेजारच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अगं, गाणं ऐकून एवढं रडायचं? तेही ग्रीकांचं?" तिने कान पुन्हा बंद केला आणि उबीनचा धक्का येईपर्यंत माझ्याकडे पाहिले नाही.

हा लेख त्या हसण्याची भरपाई आहे असे समजा. शिवाय हा प्रकार आमच्याच घरात चालला आहे असेही नाही. तेव्हा ही मुले नेमके काय ऐकतात आणि का रडतात, हे आपण आईबापांनी एकदा समजून घ्यायला हरकत नाही.

तिच्या कानात जे चालले होते त्याचे नाव 'एपिक : द म्युझिकल'. होर्हे रिव्हेरा-हेरान्स हा मूळचा पोर्तो रिकोचा, अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात शिकलेला तरुण. त्याने होमरच्या 'ओडिसी'वर गाणी रचायला घेतली, २०२१ पासून त्यांचे तुकडे टिकटॉकवर ऐकवायला सुरुवात केली, आणि पात्रांसाठी गायकही बरेचसे तिथूनच शोधले. पहिला भाग २०२२ च्या नाताळात आला, नववा आणि शेवटचा २०२४ च्या नाताळात. एकूण ४० गाणी. रंगमंच नाही, नेपथ्य नाही, वेषभूषा नाही. आहे तो केवळ आवाज. ओडिसियसची गाणी तो स्वतःच म्हणतो.

कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत कधीतरी वाचलेली असते. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले, आणि ते संपल्यावर इथाका बेटाच्या या राजाला घरी पोचायला आणखी दहा वर्षे लागली. वाटेत एकडोळ्या राक्षस, माणसांना डुकरे करणारी जादूगारीण, मृतांचा देश, समुद्रदेव पोसायडनचा कोप. घरी बायको पेनेलोपी वाट पाहते आहे, आणि मुलगा टेलेमॅकस बापाविना मोठा होतो आहे. शेवटी ओडिसियस एकटा परततो. बरोबरचे सगळे सोबती मेलेले असतात. इतकी जुनी, इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट. तरी एकेक भाग आला की ऐकणारी मुले रात्र रात्र जागत. पहिल्यांदा ऐकताना आपला चेहरा कसा होतो याचे चित्रीकरण करून ते एकमेकांना दाखवत. त्यात धाय मोकलून रडणारी विशीतली दांडगी मुले मी स्वतः पाहिली आहेत. कुणी गाण्यांवर हाताने शेकडो चित्रे काढून त्यांचा चित्रपट जोडतो. कुठल्या गाण्याला कोण कुठे रडले याच्या चर्चा चालतात. आमच्या लेकीच्या मैत्रिणींत तर 'पहिल्या ऐकण्याला रडली नाही' हा जवळजवळ आरोपच असतो.

उबीनला उतरल्यावर मंडळी सायकली भाड्याने घेऊन चेक जावाच्या दलदलीकडे गेली. माझा गुडघा आणि लेकीचा राग अशा दोन कारणांनी आम्ही दोघे गावातच थांबलो. गाव म्हणजे सायकलींची आणि खाण्याची काही दुकाने, तुआ पेक काँगचे चिनी देऊळ, आणि देवळासमोर वायांगचा कायमचा बांधलेला रंगमंच. वायांग म्हणजे चिनी संगीत नाटक. सिंगापुरात असे कायमचे रंगमंच आता फार थोडे उरले आहेत. उत्सवात इथे नाटक होते, आणि ते मुख्यतः देवाने पाहावे म्हणून. माणसे ओघाने पाहतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका उत्सवाच्या रात्री मी इथे होतो. प्रेक्षक मोजके, बहुतेक सत्तरीपुढचे. भाषा मला एक अक्षर कळत नव्हती. रंगवलेल्या चेहऱ्याची एक बाई लांब बाह्या डोळ्यांना लावून गात होती, आणि माझ्या पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला म्हातारा तिच्याबरोबर ओठ हलवत, रुमालाने डोळे टिपत होता. त्याला प्रत्येक ओळ पाठ होती. पुढे काय होणार हे ठाऊक असताना तो रडत होता, किंबहुना ते ठाऊक होते म्हणूनच.

त्या रिकाम्या रंगमंचासमोर नारळपाणी घेऊन बसलो असताना मला तो म्हातारा आठवला, आणि त्याच्यामागून माझी आई.

आई १९४५ सालची, साताऱ्याची. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा ती दहा वर्षांची होती. गदिमांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाली लावायच्या, आणि दर आठवड्याला एक नवे गीत. केंद्राच्या सीताकान्त लाडांची ही योजना. ते वर्ष अधिक मासाचे असल्याने पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, गीते ५६ झाली. आज आपल्याला बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातले गीतरामायण माहीत असते. पण तेव्हा रेडिओवर माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज होते.

वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. आई सांगायची की गाण्याच्या वेळेला ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. मालकांच्या आई रेडिओला हार घालून उदबत्ती लावत, आणि बायका चपला जोत्याखाली काढून येत. हे एका साताऱ्यात नाही, महाराष्ट्रभर होत होते. गावोगावच्या माणसांनी पुढे अशाच आठवणी लिहिल्या आहेत. आई म्हणायची, कौसल्येचे गाणे झाले की माझी पणजी उठून आत जाई आणि चुलीच्या धुराचे निमित्त करून डोळे पुसे. तिचा एक मुलगा मुंबईच्या गिरणीत होता आणि वर्षातून एकदाच घरी येई.

रामाचे पुढे काय होते हे त्या ओसरीवर कुणाला ठाऊक नव्हते? तिथल्या दहा वर्षांच्या पोरीलाही पाठ होते. तरी आठवडाभर माणसे पुढच्या गाण्यासाठी थांबत. जुनी कथा, केवळ आवाज, तुकड्यातुकड्याने येणारी गाणी आणि मधली वाट पाहणी. मी बोटांवर मोजत गेलो आणि माझ्या लक्षात आले की ज्या प्रकाराला मी हसलो होतो त्याचे सगळे अवयव आमच्या ओसरीवर सत्तर वर्षांपूर्वी हजर होते. फक्त टिकटॉक नव्हते, उदबत्ती होती.

संगीत नाटकांचा दाखला मी मुद्दाम देत नाही. १८८० सालचे अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल', १८८२ चे 'सौभद्र' ही पुराणकथांचीच संगीत रूपे. पण तिथे 'वन्स मोअर' आला की कथा थांबते आणि दाद गळ्याला जाते. सुभद्रेचे काय व्हायचे ते होवो, तान पुन्हा ऐकू द्या! तो आनंद वेगळा, आणि मला तो प्रियही आहे. पण आवाजाच्या आडून पात्रच कानाशी येऊन बसते, हा अनुभव रेडिओचा आणि इअरफोनचा.

लेकीचा राग नारळपाण्याने थोडा उतरला होता. ती म्हणाली, "बाबा, होमरमध्येच लोक रडतात गाणं ऐकून. मी नवीन काही करत नाहीये." शाळेतल्या निबंधासाठी तिने 'ओडिसी' मुळातून, म्हणजे इंग्रजी भाषांतरातून, वाचले होते. तिने मला दोन प्रसंग सांगितले आणि घरी येऊन मी ते वाचून काढले.

पहिला पहिल्याच सर्गात आहे. इथाकाच्या राजवाड्यात फिमियस नावाचा गायक ट्रॉयहून परतणाऱ्या ग्रीकांच्या हालांचे गाणे गातो आहे. वरच्या मजल्यावरून पेनेलोपी रडत खाली येते आणि हे सोडून दुसरे काही गा म्हणते. तर मुलगा तिला अडवतो. गायकाला कशाला बोल लावतेस, हे दुःख झ्यूसने दिले. आणि लोकांना तर जे गाणे सगळ्यांत नवे तेच आवडते. माझ्यासारख्या 'हल्लीची गाणी' म्हणून नाक मुरडणाऱ्याला होमरने तेव्हाच उत्तर देऊन ठेवले होते.

दुसरा प्रसंग आठव्या सर्गातला. ओडिसियस परक्या राजाच्या दरबारी अनोळखी पाहुणा म्हणून बसला आहे. डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ट्रॉयच्या युद्धाचे गाणे धरतो आणि ओडिसियस जांभळ्या वस्त्राने तोंड झाकून रडतो. गंमत पाहा, थोड्या वेळाने तोच गायकाला सांगतो की आता लाकडी घोड्याचे गाणे म्हण. म्हणजे आपणच फर्माईश करायची आणि आपणच रडायचे! होमर तिथे एक उपमा देतो: शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या देहावर कोसळून, मागून शत्रूचे भाले टोचत असताना एखादी स्त्री रडावी तसा तो रडला. जिंकणारा जिंकल्या गेलेल्यांच्या बायकांसारखा रडतो.

आणि आपले रामायण? लव-कुश रामाचीच कथा रामासमोर गातात आणि राम ती ऐकतो. गदिमांनी गीतरामायणाची सुरुवात नेमकी तिथूनच केली आहे. दोन महाकाव्ये, दोन्हींत नायक परक्या तोंडून आपली कथा ऐकतो. पहिला चाहता म्हणजे स्वतः नायकच.

आपल्या शास्त्रकारांनी या रडण्याचा बारकाईने विचार केला आहे. करुण रसात दुःख असूनही माणूस ते पुन्हा पुन्हा का मागतो? भट्टनायकाने आणि पुढे अभिनवगुप्ताने दिलेले उत्तर म्हणजे साधारणीकरण. रंगमंचावरचे दुःख रामाचे उरत नाही आणि माझेही होत नाही. कुणा एकाच्या मालकीचे नसल्यामुळेच ते चाखता येते. पण अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी विघ्नेही सांगितली आहेत. त्यांत एक आहे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे. तसे झाले की रस संपला, उरले ते नुसते दुःख.

अथेन्सच्या लोकांनाही हे अनुभवाने कळले होते. इराण्यांनी इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केले. त्यावर फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने नाटक केले. सगळे प्रेक्षागृह रडले, आणि मग त्यांनी नाटककाराला १००० द्राख्मा दंड केला. कारण हेरोडोटसने लिहून ठेवले आहे: त्याने त्यांना त्यांच्या स्वतःच्याच दुःखाची आठवण करून दिली. ते नाटक पुन्हा करू नये असाही हुकूम निघाला.

आता 'एपिक' या रडण्यापर्यंत कसे नेते ते सांगतो. मी सगळी ४० गाणी नंतर ऐकली. खरे सांगायचे तर निम्मी मला गोंगाटाची वाटली; व्हिडिओ गेमची चाल आणि रॅप यांची कानाला सवय नाही. पण कारागिरी पक्की आहे. प्रमुख पात्रांना आपापले वाद्य दिले आहे: ओडिसियसला गिटार, अथीना देवीला पियानो. तिची पाठराखण सुटते तेव्हा पियानोही सुटतो. आणि सुरुवातीला निरागसपणे आलेली एखादी चाल वीस गाण्यांनंतर मृताच्या तोंडी परत येते. शब्द कळायच्या आधी कान ओळखतो आणि गळा दाटतो.

याहून मोठा बदल कथेत आहे. होमरमध्ये ओडिसियसचे सोबती सूर्यदेवाची गुरे मारून खातात आणि झ्यूस विजेने जहाज फोडतो. ओडिसियस वाचतो, कारण त्याने ते मांस खाल्ले नव्हते. 'एपिक'मध्ये झ्यूस त्याच्यापुढे निवड ठेवतो: तू, की तुझी माणसे? आणि तो स्वतःला निवडतो, घरी जायचे म्हणून. मुले इथे सर्वांत जास्त रडतात. त्यांना राक्षसाचे काही वाटत नाही. आपला माणूस घरी पोचण्यासाठी काय काय करून बसला, याचे वाटते.

इथे गीतरामायणाची वाट उलट जाते. चित्रकूटावर भरत रडत येतो तेव्हा राम त्याची समजूत घालतो. दोष कैकेयीचा नाही, पित्याचा नाही, तुझा नाही. माणूस पराधीन आहे. आमच्या घरात कुणीही गेले की आई ते गाणे लावायची. ऐकणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे ते उतरवून ठेवते. 'एपिक' तेच ओझे उचलून खांद्यावर ठेवते. दोन्ही ऐकून माणसे रडतात, पण रडणे एक नव्हे.

उबीनच्या पश्चिमेला, केतामच्या खाणीकडे, 'जर्मन मुली'चे एक लहान देऊळ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक आले म्हणून पळालेली एक मुलगी खाणीच्या कड्यावरून पडून मेली, एवढीच दंतकथा. नाव कुणाला ठाऊक नाही. आत एक बाहुली आहे आणि लोक तिला अत्तर, नखरंग, लिपस्टिक वाहतात. तिने तारुण्यात काय वापरले असते याचा विचार करून! रेडिओला हार घालणारी मालकांची आई आणि ओडिसियसची चित्रे काढणारी मुले यांच्या मधोमध हे देऊळ बसवायला मला काही अडचण वाटत नाही.

दुपारी मी लेकीला म्हटले, "ऐकव बरं ते आईचं गाणं." तिने थोडे आढेवेढे घेऊन एक इअरफोन माझ्या कानात घातला. मृतांच्या देशात ओडिसियसला आई अँटिक्लिआ दिसते. तो युद्धाला निघाला तेव्हा ती जिवंत होती. मधल्या काळात त्याची वाट पाहून मेली. होमरमध्ये ती त्याच्याशी बोलते. मला आजाराने नेले नाही, तुझ्या ओढीने नेले, असे सांगते. तो तीनदा मिठी मारायला जातो आणि ती तीनदा सावलीसारखी हातांतून निसटते. 'एपिक'मध्ये तेवढाही संवाद नाही. ती वाट पाहत असल्याचे गात राहते आणि त्याला उशीर झालेला असतो. लेक म्हणाली, "माहितीये बाबा, हा आवाज कोणाचा आहे? त्याच्या खऱ्या आईचा." ते खरे आहे. अँटिक्लिआ गाणारी वांडा हेरान्स ही रचनाकाराची आई.

माझी आई मे २०२१ मध्ये साताऱ्यात गेली. एप्रिलच्या शेवटी सिंगापूरने भारतातून येणाऱ्यांना जवळजवळ दारे बंद केली होती. मी तिचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. भेटायला आलेल्यांना मी सांगत असे की नियमांपुढे इलाज नव्हता, आणि सगळे मान हलवत. खोटे नव्हते ते. पण मार्चमध्ये धाकटा भाऊ फोनवर म्हणाला होता, "दादा, एकदा येऊन जा. आई विचारते." तेव्हा जाता येत होते. परतल्यावर चौदा दिवस हॉटेलात काढावे लागले असते, आणि ऑफिसात एक काम संपत आले होते. मी म्हटले होते, जूनमध्ये येतो.

हे मी घरात कुणाला सांगितले नव्हते. आई गेल्यावर चित्रकूटाचे ते गाणे मी कितीदा तरी लावले. प्रत्येक वेळी रामाने माझीही सुटका केली. त्या दिवशी उबीनच्या बाकावर, मला धड न आवडणाऱ्या चालीत, ओडिसियसने ती केली नाही. अभिनवगुप्ताच्या मताने माझे ते रडणे विघ्नातच जमा होईल, आणि अथेन्सच्या लोकांनी तर दंडच केला असता. लेकीने काही विचारले नाही. मीच सांगितले. मार्चचा फोन, हॉटेलचे चौदा दिवस, सगळे.

ती बराच वेळ पायाने खडी उकरत होती. मग म्हणाली, "मी त्या वेळी आजीला व्हिडिओ कॉलवर 'नंतर बोलते' म्हणाले होते. शाळेचं काहीतरी होतं. तू हसलास ना बोटीत, तेव्हा मला वाटलं तुला कळलंय."

चारच्या सुमारास सायकलवाली मंडळी घामाघूम होऊन परतली. चेक जावाला रानडुकरे दिसल्याची वर्णने झाली, डब्यांतले उरलेले फस्त झाले. धक्क्यावर दहा जण जमले होते. दोन उतारू हवे होते. बोटवाले अंकल सिगारेट ओढत निवांत उभे. लेक म्हणाली, "आजीचं ते रेडिओवालं लाव ना, भरताचं." मी फोन काढला. गाणे सुरू झाले, पहिले कडवे झाले, आणि अडकले. उबीनवर बऱ्याचदा होते तसे, पलीकडच्या जोहोरचे नेटवर्क लागून 'मलेशियात स्वागत असो' असा संदेश आला होता. "थांब, मला येतं," मी म्हटले, आणि पुढचे कडवे तिला तसेच, बेसूर, म्हणून दाखवू लागलो. तेवढ्यात दोन सायकलवाले धावत आले आणि अंकलनी हाताने सगळ्यांना बोटीत चला अशी खूण केली.